कादर खान : खलनायक, विनोदवीर, संवादलेखक आणि मुळात एक मास्तर

हिंदी सिनेमातले ज्येष्ठ अभिनेते आणि संवादलेखक मरहूम कादर खान यांना आजची मुले कशी ओळखतात? मोबाईलवर अर्ध्या मिनिटाची क्लिप येते, त्यात गोविंदासमोर तोंड वेडेवाकडे करणारा सासरा दिसतो, मुले हसतात आणि पुढची क्लिप लावतात. त्यांच्या वडिलांच्या पिढीला ‘कुली’मधला क्रूर जफर आठवतो. आजोबांच्या पिढीला अमिताभ बच्चनचे संवाद तोंडपाठ असतात, पण ते कुणी लिहिले ते बऱ्याच जणांना माहीत नसते. हा माणूस मुंबईच्या एका कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवत होता आणि उतारवयात अरबी शिकायला पुन्हा विद्यार्थी झाला, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे.

या लेखात त्यांची सगळी वाटचाल एका ठिकाणी मांडली आहे. घरात मुलांना वाचून दाखवायला किंवा शाळेत प्रकल्पासाठी उपयोगी पडेल.

थोडक्यात ओळख

जन्म : २२ ऑक्टोबर १९३७, काबूल (अफगाणिस्तान)
बालपण : कामाठीपुरा, मुंबई
शिक्षण : महापालिकेची शाळा, इस्माईल युसूफ कॉलेज, पुढे सिव्हिल इंजिनिअरिंग
पहिला पेशा : अध्यापन, साबू सिद्दीक संस्था, भायखळा
अभिनेता म्हणून पहिला चित्रपट : दाग (१९७३)
संवादलेखक म्हणून पहिला चित्रपट : जवानी दीवानी (१९७२)
काम : तीनशेहून अधिक चित्रपटांत अभिनय, दोनशेहून अधिक चित्रपटांचे संवाद
फिल्मफेअर पुरस्कार : उत्कृष्ट संवाद (मेरी आवाज सुनो, अंगार), उत्कृष्ट विनोदी अभिनेता (बाप नंबरी बेटा दस नंबरी)
इंतकाल : ३१ डिसेंबर २०१८, टोरांटो (कॅनडा)
पद्मश्री : २०१९ (मरणोत्तर)

काबूल ते कामाठीपुरा

कादर खान यांचे घराणे पठाण. वडील अब्दुल रहमान खान कंदहारचे, तर वालिदा इकबाल बेगम बलुचिस्तानातल्या पिशीनच्या. त्यांच्या आधी झालेले तिन्ही भाऊ साधारण आठ वर्षांचे होता होता दगावले. चौथा मुलगा झाला तेव्हा आईच्या मनात धास्ती बसली की ही जमीनच आपल्या लेकरांना लाभत नाही. तिने नवऱ्याला घेऊन देश सोडला आणि कुटुंब मुंबईत आले. खिशात पैसा नाही, ओळखीचे कुणी नाही. जागा मिळाली ती कामाठीपुऱ्यात.

तेलंगणाकडून बांधकामाच्या कामाला आलेल्या कामाठी मजुरांवरून या वस्तीला हे नाव पडले. पुढे ती वेगळ्याच कारणाने बदनाम झाली. दारूचे गुत्ते, मारामाऱ्या, वेश्यावस्ती. लहानग्या कादरने हे सगळे उंबऱ्यातून पाहिले. त्यात आईवडिलांचा तलाक झाला, घरात सावत्र बाप आला आणि कधी कधी चूल पेटायचीही पंचाईत व्हायची.

आसपासची मुले जवळच्या कारखान्यात दोन-तीन रुपये रोजावर जायची. एक दिवस हाही निघाला. आईने खांद्यावर हात ठेवून अडवले. आज तीन रुपये आणशील, उद्याही तीनच आणशील, त्याने घरची गरिबी हटणार नाही. ती हटवायची असेल तर एकच रस्ता आहे, शिक. हा प्रसंग कादर खान यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितला. मुलगा परत फिरला आणि महापालिकेच्या शाळेत जाऊन बसला.

आपल्या भागात हा प्रसंग नुसता गोष्ट म्हणून वाचून चालणार नाही. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, तिकडे मालेगाव, कुठेही बघा. आठवी-नववीत मुलाचे नाव पटावर असते, पण मुलगा गॅरेजवर, वेल्डिंगच्या दुकानात नाहीतर लूमवर. घरात चार पैसे येतात, ही गोष्ट खरी आहे आणि त्या घराला नावे ठेवणे सोपे आहे. इकबाल बेगमच्या घरात तर तेही चार पैसे नव्हते. तरी तिने हिशेब आजच्या दिवसाचा केला नाही, वीस वर्षांचा केला.

कब्रस्तानातला रियाज

अभिनय कुठे शिकला, तर कब्रस्तानात. आई नमाजला पाठवायची आणि हा पोरगा मधूनच सटकून जवळच्या कब्रस्तानात जायचा. दिवसभरात कोण कसे बोलले, दुकानदार कसा खेकसला, दारूडा कसा रडला, हे सगळे तिथे दोन कबरींच्या मध्ये बसून मोठमोठ्याने बोलून दाखवायचा. ऐकायला कुणी नाही, हसायला कुणी नाही, म्हणून लाजायचेही कारण नाही.

एका रात्री त्याच्या तोंडावर टॉर्चचा उजेड पडला. उजेड टाकणारे होते जुन्या रंगभूमीचे आणि सिनेमाचे कलाकार अशरफ खान. त्यांना ‘वामिक अजरा’ या नाटकासाठी लहान मुलगा हवा होता. कब्रस्तानात एकटाच बडबडणारा हा मुलगा त्यांनी उचलला आणि थेट रंगमंचावर उभा केला. आठ-नऊ वर्षांच्या पोराने पानेच्या पाने पाठ करून म्हटली. कादर खान यांच्या कामाची सुरुवात इथून झाली.

पुढे प्रकाश मेहरांच्या ‘मुकद्दर का सिकंदर’ (१९७८) मध्ये याचाच धागा दिसतो. लहान सिकंदर कबरीजवळ रडत बसलेला असतो. तिथे एक फकीर येतो आणि दुःखाला हसत सामोरे जायला शिकवतो. भूमिका काही मिनिटांची आहे, पण सगळ्या चित्रपटाचा अर्थ त्यात आहे. फकीर झाले आहेत कादर खान आणि संवादही त्यांचेच. ज्याने बालपणीच्या रात्री कब्रस्तानात काढल्या, त्याला त्या प्रसंगासाठी फार शोधाशोध करावी लागली नसेल.

साबू सिद्दीकचे ‘सर’

जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजात शिकून, पुढे सिव्हिल इंजिनिअरिंगची पात्रता मिळवून कादर खान शिक्षक झाले. भायखळ्याची मोहम्मद हाजी साबू सिद्दीक संस्था ही अंजुमन-ए-इस्लामची. मुंबईतल्या गरीब आणि मध्यमवर्गीय मुस्लिम घरांतली कितीतरी मुले इथून तंत्रशिक्षण घेऊन बाहेर पडली. त्या मुलांना कादर खान इंजिनिअरिंगचे विषय शिकवायचे. १९७० ते १९७५ हा त्यांच्या अध्यापनाचा काळ सांगितला जातो. म्हणजे ‘जवानी दीवानी’, ‘दाग’ आणि ‘रोटी’ येऊन गेले तेव्हाही त्यांची शिक्षक म्हणून ओळख सुटलेली नव्हती.

शिकवता शिकवता नाटके चालूच होती. लिहायचे, बसवायचे, स्वतः काम करायचे. ‘ताश के पत्ते’ या त्यांच्या नाटकाची चर्चा विनोदी नट आगा यांच्याकडून दिलीपकुमार यांच्या कानावर गेली. दिलीपसाहेबांनी स्वतः निरोप पाठवला की नाटक बघायचे आहे. हा शिक्षक हरखून गेला असेल, असे आपल्याला वाटेल. त्याने मात्र अट घातली : नाटक सुरू होण्याआधी दहा मिनिटे या, कारण नंतर दार बंद होते, आणि शेवटपर्यंत बसा. दिलीपकुमार वेळेवर आले, शेवटपर्यंत बसले आणि ‘सगीना’ व ‘बैराग’ या दोन चित्रपटांत काम दिले.

दुसरे दार ‘लोकल ट्रेन’ या नाटकाने उघडले. एका नाट्यस्पर्धेत त्याला बक्षिसे मिळाली. परीक्षकांत उर्दूचे मोठे कथाकार राजिंदरसिंह बेदी आणि त्यांचे दिग्दर्शक पुत्र नरेंद्र बेदी होते. नरेंद्र बेदींनी तिथेच ‘जवानी दीवानी’चे संवाद लिहायला सांगितले. लिहायला निवांत खोली कुठे होती? कादर खान क्रॉस मैदानावर जाऊन बसले. आजूबाजूला पोरे फुटबॉल खेळताहेत, चेंडू अंगावर येतोय आणि हे लिहिताहेत. काही तासांत काम झाले. मोबदला मिळाला दीड हजार रुपये.

संवाद लिहिणे म्हणजे नेमके काय?

चित्रपटात कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामे असतात. काय घडले ती कथा. कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रसंगांतून दाखवायचे ती पटकथा. त्या प्रसंगात माणसे तोंडाने काय बोलतात ते संवाद. कादर खान यांची मुख्य कमाई या तिसऱ्या कामात आहे.

त्यांच्या आधी हिंदी सिनेमात भारदस्त उर्दूची मोठी परंपरा होती. ‘मुगल-ए-आजम’ (१९६०) चे संवाद अमान, कमाल अमरोही, एहसान रिजवी आणि वजाहत मिर्झा या चौघांनी लिहिले. ती भाषा दरबाराची होती. ऐकताना छाती भरून येते, पण आपल्यापैकी कुणी घरात तसे बोलत नाही. कादर खान यांनी गल्लीची भाषा आणली. हमाल कसा बोलतो, दादा कसा बोलतो, चाळीतली बाई कशी बोलते, हे त्यांना कामाठीपुऱ्याने शिकवले होते. उर्दूचा अभ्यास असल्यामुळे त्या बोलीला वजन आणि ताल कसा द्यायचा, हेही कळत होते.

याची परीक्षा घेतली मनमोहन देसाईंनी. ‘रोटी’ (१९७४) च्या वेळी देसाईंनी स्पष्टच सांगितले की मला जडजड उर्दू आणि म्हणी नकोत, थिएटरात टाळ्या पडल्या पाहिजेत, नाहीतर कागद फाडून टाकीन. कादर खान घरी गेले, शेवटचा प्रसंग लिहिला आणि येऊन वाचून दाखवला. देसाईंनी पुन्हा पुन्हा वाचायला लावला. मग विचारले, किती घेतोस? त्या चित्रपटाचे त्यांना १ लाख २१ हजार रुपये मिळाले. दोन वर्षांपूर्वीचे दीड हजार आठवा, म्हणजे उडी लक्षात येईल.

यानंतर त्यांचे नाव थांबलेच नाही. मनमोहन देसाईंसाठी ‘परवरिश’, ‘अमर अकबर अँथनी’, ‘सुहाग’, ‘नसीब’, ‘देशप्रेमी’, ‘कुली’. प्रकाश मेहरांसाठी ‘मुकद्दर का सिकंदर’, ‘लावारिस’, ‘शराबी’. देसाई आणि मेहरा हे त्या काळातले दोन तगडे प्रतिस्पर्धी. दोघांच्याही घरात सारख्याच मानाने ये-जा असलेली माणसे थोडी. अमिताभ बच्चन आणि कादर खान ही त्यांतली दोन मोठी नावे. पडद्यावर जो ‘अँग्री यंग मॅन’ दिसतो, तो घडवण्यात सलीम-जावेद यांचा वाटा सगळे सांगतात. त्याच अमिताभच्या तोंडी हसरी, मिश्किल, रस्त्यावरची बोली घातली ती कादर खान यांनी.

‘अग्निपथ’ (१९९०) चे संवादही त्यांचेच. त्यातला विजय चौहान आपली ओळख कशी करून देतो, आठवून बघा. संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, गाव मांडवा, वय इतकी वर्षे इतके महिने. शाळेच्या दाखल्यावरचे रकाने असावेत तशी ती ओळख आहे. गुंड झालेला मुलगा विसरलेला नाही की आपण गावातल्या एका मास्तराचा मुलगा आहोत. या भूमिकेसाठी अमिताभ बच्चन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

खलनायक

अभिनेता म्हणून सुरुवात झाली यश चोप्रांच्या ‘दाग’ (१९७३) मध्ये सरकारी वकिलाच्या छोट्या भूमिकेने. भारदार आवाज, रोखलेली नजर आणि शब्दावर पकड, त्यामुळे निर्मात्यांनी त्यांना लवकरच खलनायकाच्या खुर्चीत बसवले. ‘खून पसीना’ (१९७७) मधला जालिम सिंग, ‘परवरिश’, ‘सुहाग’, ‘कुर्बानी’, ‘नसीब’ अशी रांगच लागली.

‘कुली’ (१९८३) मधला जफर हा या रांगेतला कळस. नायक इकबाल मुस्लिम आणि खलनायक जफरही मुस्लिम. म्हणजे धर्म पाहून कोण चांगला, कोण वाईट हे ठरत नाही, माणसाच्या करणीने ठरते. आज जेव्हा पडद्यावर दाढी-टोपी दिसली की पुढे काय येणार याचा अंदाज प्रेक्षक आधीच बांधतात, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीची ही साधी मांडणी मुद्दाम आठवावीशी वाटते. इकबालचे संवादही कादर खान यांनी लिहिले आणि जफरचेही. नायकाच्या टाळ्यांची वाक्ये स्वतः लिहून द्यायची आणि शेवटी त्याच नायकाचा मार खायचा, असा हा व्यवहार होता.

‘कुली’च्या चित्रीकरणात १९८२ साली अमिताभ बच्चन जबर जखमी झाले. त्या सुमारास कादर खान त्यांना घेऊन ‘जाहिल’ नावाचा चित्रपट स्वतः दिग्दर्शित करणार होते. अपघात झाला, पुढे दिवस बदलले आणि तो चित्रपट राहून गेला तो राहूनच गेला.

खलनायकाकडून विनोदाकडे

खलनायकी सोडण्याचे कारण त्यांनी घरातले सांगितले आहे. मुलगा शाळेतून मारामारी करून, कपडे फाडून घरी आला. वर्गातली मुले त्याला चिडवायची की तुझा बाप सिनेमात सगळ्यांना छळतो आणि शेवटी मार खातो. मुलाच्या फाटक्या शर्टाने बापाला विचार करायला लावले.

त्याच सुमारास दक्षिणेतले निर्माते तेलुगू चित्रपट हिंदीत नव्याने काढू लागले होते. जितेंद्र, श्रीदेवी, जयाप्रदा, शक्ती कपूर ही नेहमीची मंडळी. ‘हिम्मतवाला’ (१९८३) मध्ये अमजद खान जुलमी जमीनदार झाले आणि कादर खान झाले त्याचा लाचार, कावेबाज मुनीम. संवादही त्यांचेच. मुनीम दुष्ट आहे, पण बघणारा हसतो. पुढे ‘जस्टिस चौधरी’, ‘मवाली’, ‘तोहफा’ अशी गाडी धावत सुटली. तो व्हिडिओचा जमाना. खान्देशात लग्नघरी भाड्याने टीव्ही-व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे चालायचे. त्यांत हे चित्रपट हटकून असायचे.

विनोदाची पावती मिळाली ‘बाप नंबरी बेटा दस नंबरी’ (१९९०) ला. बाप कादर खान, बेटा शक्ती कपूर, दोघेही पक्के ठग. या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट विनोदी अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ज्या माणसाला आधी ‘मेरी आवाज सुनो’साठी लेखक म्हणून गौरवले होते, त्यालाच आता हसवण्यासाठी गौरवले. दोनच वर्षांनी ‘अंगार’ (१९९२) मध्ये ते पुन्हा गंभीर झाले आणि जहांगीर खान हा मुंबईतला डॉन उभा केला. नाना पाटेकर आणि जॅकी श्रॉफ यांच्या समोर हा म्हातारा डॉन जराही फिका पडत नाही. त्या चित्रपटाच्या संवादांसाठी त्यांना दुसऱ्यांदा लेखनाचा फिल्मफेअर मिळाला.

बाप, सासरा, बुजुर्ग

हसवणारा नट रडवतो तेव्हा ते जास्त लागते. ‘जैसी करनी वैसी भरनी’ (१९८९) मध्ये मुलाने आणि सुनेने वाऱ्यावर सोडलेला म्हातारा बाप कादर खान यांनी केला. गोष्ट साधी आहे, थोडी भडकही आहे. पण घरातल्या बुजुर्गांशी आपण कसे वागतो, हा प्रश्न ती घरात आणून ठेवते. हा चित्रपट घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा आहे.

‘हम’ (१९९१) मध्ये त्यांनी दुहेरी काम केले. एक कडक शिस्तीचा लष्करी जनरल आणि दुसरा त्याच्यासारखाच दिसणारा नाटकातला नट. चेहरा एक, पण चाल वेगळी, आवाज वेगळा, उभे राहणे वेगळे. अभिनयाचा फरक मुलांना समजावून सांगायचा असेल तर हा नमुना चांगला आहे.

त्यानंतरचा काळ गोविंदा आणि डेव्हिड धवन यांचा. ‘आँखें’ (१९९३), ‘राजा बाबू’ (१९९४), ‘कुली नंबर १’ (१९९५), ‘साजन चले ससुराल’ (१९९६), ‘हीरो नंबर १’ (१९९७), ‘हसीना मान जाएगी’ (१९९९). हरमेश मल्होत्रांच्या ‘दूल्हे राजा’ (१९९८) मध्ये पंचतारांकित हॉटेलचा मालक सिंघानिया आणि हॉटेलच्या दारातच ढाबा टाकून बसलेला गोविंदा यांची जुंपते. शेठजीची तडफड कादर खान यांनी अशी रंगवली आहे की आजही टीव्हीवर लागला की घर थांबते. ‘मुझसे शादी करोगी’ (२००४) मधले दुग्गलसाहेब ही त्यांची नव्या शतकातली लक्षात राहिलेली भूमिका.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे

कौतुकाच्या भरात एक गोष्ट झाकू नये. ऐंशीच्या दशकातल्या त्यांच्या कितीतरी विनोदांत दुहेरी अर्थ आहेत, बाईची टिंगल आहे, कुणाच्या व्यंगावर हशा आहे. काही चित्रपट तर घरच्यांसोबत बसून बघता येत नाहीत. बाजाराला तेच हवे होते हे खरे, पण लेखणी त्यांच्याच हातात होती. इतके उत्तम लिहिता येणाऱ्या माणसाने इतके सवंगही का लिहिले, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही विचारायला हवा. मुलांना त्यांचे चित्रपट दाखवताना निवड करावीच लागते, ती यामुळे.

पुन्हा विद्यार्थी

नाव, पैसा, गर्दी सगळे असताना कादर खान पुन्हा पुस्तकाकडे वळले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी अरबी विषयात एम.ए. केले. कुरआन समजून वाचायचे तर मूळ भाषा यायला हवी, नुसते पठण पुरेसे नाही, हा त्यांचा आग्रह होता. नंतरच्या वर्षांत अरबी भाषा आणि दीनी तालीम सोप्या पद्धतीने शिकवण्याच्या कामात त्यांनी मन घातले.

सकाळी सेटवर गोविंदाच्या सासऱ्याची भूमिका आणि रात्री अरबी व्याकरण, हे चित्र काहींना विचित्र वाटेल. पण क्रॉस मैदानाच्या गोंगाटात बसून लिहिणाऱ्या माणसाला ते जमले यात नवल नाही. चाळिशी-पन्नाशीत ‘आता काय शिकायचे’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अखेरचे दिवस

उतारवयात त्यांना प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी हा मेंदूचा आजार झाला. या आजारात तोल जातो, डोळ्यांची हालचाल अवघड होते, बोलणे आणि गिळणे कठीण होत जाते. ज्याची सगळी दौलत आवाजात होती, त्याचा आवाजच हळूहळू गेला. २०१५ च्या ‘दिमाग का दही’नंतर ते पडद्यावर फारसे दिसले नाहीत आणि कॅनडात मुलांकडे राहू लागले.

जिवंतपणी त्यांच्या मरणाच्या अफवा पुन्हा पुन्हा पसरल्या. डिसेंबर २०१८ च्या अखेरीसही अशीच बातमी फिरली आणि मुलगा सरफराज यांना ती खोटी असल्याचे सांगावे लागले. दुर्दैवाने दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी, टोरांटोच्या रुग्णालयात त्यांचा इंतकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. भारतात तेव्हा १ जानेवारी २०१९ उजाडला होता, म्हणून काही ठिकाणी तारीख वेगळी दिसते. दफनविधी कॅनडातच झाला. महिनाभरात केंद्र सरकारने मरणोत्तर पद्मश्री जाहीर केली. हा सन्मान त्यांच्या हयातीत मिळाला असता तर बरे झाले असते, असे अनेकांनी तेव्हा बोलून दाखवले.

काय बघावे, कशासाठी बघावे

अमर अकबर अँथनी (१९७७) : तीन भाऊ, तीन घरे, तिघांची वेगळी बोली.
मुकद्दर का सिकंदर (१९७८) : कब्रस्तानातल्या फकिराचा प्रसंग.
कुली (१९८३) : लेखक आणि खलनायक एकाच माणसात.
जैसी करनी वैसी भरनी (१९८९) : म्हातारा बाप.
अग्निपथ (१९९०) : विजय चौहानची ओळख. हाणामारी फार आहे, लहान मुलांसाठी नाही.
हम (१९९१) : एका चेहऱ्याची दोन माणसे.
अंगार (१९९२) : गंभीर अभिनय आणि बक्षीसपात्र संवाद. हाही मोठ्यांसाठीच.
दूल्हे राजा (१९९८) : निखळ हसण्यासाठी.

शेवटी एक गोष्ट शिक्षक आणि पालकांसाठी. आपल्याकडचे मूल घरात उर्दू बोलते, बाजारात मराठी, शेतात आणि एसटीत कानावर अहिराणी पडते. आपण त्यालाच रागावतो की तुझी एकही भाषा धड नाही. कादर खान यांच्या घरात अफगाणिस्तानची बोली होती, दारात कामाठीपुऱ्याची, शाळेत वेगळी, मशिदीत अरबी. या सगळ्या त्यांनी कानात साठवल्या आणि आयुष्यभर त्यावर कमावले. एखाद्या दिवशी मुलांना निबंधाऐवजी एवढेच सांगून बघा : आज बाजारात जा, भाजीवाली मावशी, पंक्चरवाले चाचा, कंडक्टर यांचे बोलणे नीट ऐका आणि घरी येऊन जसेच्या तसे लिहा. ज्याला निबंध जमत नाही असे आपण समजतो, तो मुलगा कधी कधी यात सगळ्यांत पुढे निघतो. अशा मुलाचे नाव शाळेच्या पटावर टिकवून ठेवणे, हे काम मात्र आपले आहे.